धबुकाराचा कोळसा

याडी, माझ्या आई, तुला वाचता येत नव्हतं, आणि तू मला जी बोली दिलीस ती मी शाळेच्या फळ्यावर कधी लिहिलेली पाहिली नाही, म्हणून हे मराठीतच लिहिते आहे. तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते. आता माझं बीएस्सी झालं, आपल्या घरातलं पहिलं, आणि यवतमाळच्या होस्टेलमधून पेटी उचलून मी तांड्यावर, माझ्या बापूकडे, परत आले आहे. तू झोपायचीस त्या खोलीत मी अळिंबी लावते. सोयाबीनचं कुटार, मळणीनंतर उरलेला भुसा, भिजवायचं, वाफवायचं, पिशव्यांत बी घालून भरायचं आणि त्या अंधारात टांगून ठेवायच्या. काही दिवसांनी पिशव्यांना भोकं पाडली की अळिंबीचे पांढरे पंखे बाहेर येतात. दिग्रसच्या बाजारात ते विकले जातात. बांधावर फुकट उगवणाऱ्या वस्तूसाठी पोरीने खोली अडवली, म्हणून तू हसली असतीस. मग कोणाचं लक्ष नाही असं बघून एका पंख्यावरून बोट फिरवलं असतंस.

माझ्याबरोबर तांड्यातल्या तीन बाया काम करतात. तिघीही दरवर्षी ऊसतोडीला जात आल्या आहेत, तू जायचीस तशा. तू तोडीवरून ताप घेऊन आलीस आणि मग उठलीच नाहीस, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही, त्यांना ठाऊकच आहे. या वर्षी आम्ही जाणार नाही, असं त्या म्हणाल्या तेव्हा मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं. पण ओल्या कुटाराला वास येतो, आंबूस, नाकात बसणारा. तो भिंतीपलीकडे काकीच्या घरात जायला लागला. तिची सून नुकतीच बाळंत झालेली. एका सकाळी काकी आमच्या दारात येऊन उभी राहिली. "काय व पोरी, तुह्या खोलीत ढोर मेलं का? लेकरानं शी केली का तुह्याकडची हवा आली, मले समजूनच नाही राह्यलं." मी म्हणाले, काकी, ही शेती आहे. ती म्हणाली, "शेती वावरात राह्यते. कॉलेजात काय कुटार सडवायले शिकवलं का तुले?" तिघी बाया पदर तोंडाला लावून हसल्या, मीही हसले. पण प्रकरण तांड्याच्या नायकापर्यंत गेलं. तो शांतपणे म्हणाला, "मी कोणाची बाजू घेऊन नाही राह्यलो. दिवाळीच्या आत वास बंद कर, नाहीतर खोली बंद कर." दसरा होऊन गेला होता. ऊसतोडीला माणसं नेणारा मुकादम तांड्यात चकरा मारत होता, आणि तिघींपैकी एकीने त्याला अजून नाही म्हटलेलं नव्हतं.

कोळसा वास धरून ठेवतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्याच्या अंगावर इतकी बारीक छिद्रं असतात की हवा त्यातून जाताना वास तिथेच अडकतो. तयार फिल्टर महाग, म्हणून घरीच करायचा ठरवला. जाळीचे दोन नळ, एकात एक, मधल्या जागेत कोळसा, वरून बापूच्या जुन्या धोतराचं फडकं आणि टोकाला पंखा, म्हणजे खोलीतली हवा कोळशातूनच बाहेर जाईल. पंखा बसवायला बादलीच्या झाकणात गोल भोक पाडायचं होतं. तेव्हा तुझी कंपासपेटी काढली. आठवतं? तू तोडीवरून आल्यावर मला पुसदच्या बाजारात घेऊन गेली होतीस. दुकानदार चित्रवाल्या पेट्या दाखवत होता, आणि तू प्रत्येक पेटीतला कंपास काढून तळहातावर फिरवून बघत होतीस. कोयत्याने घट्टे पडलेल्या त्या हातावर टोक टेकवून गोल काढायचीस, आणि दोन टोकं जुळली नाहीत की पेटी परत करायचीस. दुकानदार वैतागला. शेवटी तू साधी, चित्र नसलेली पेटी घेतलीस. त्या कंपासने झाकणावर गोल काढला, तो अजूनही बरोबर जुळतो.

आता चूक कशी झाली ते सांगते. कोळसा शोधत होते तेव्हा धान्याच्या कोठीमागे पत्र्याचा एक मोठा डबा सापडला. काठोकाठ कोळसा, कोरडा, कडक. चुलीतला उरलेला बापूने साठवला असेल असं समजून मी खूश झाले. फोडला, चाळला, हरभऱ्याएवढे तुकडे नळात भरले. दुपारी गरम कुटाराच्या पिशव्या आत टांगल्या आणि पंखा लावला. काकीच्या बाजूला जाऊन उभी राहिले, नाक वर करून. आंबूस वास कमी झाला होता. पण त्याच्या जागी दुसराच वास येत होता, जळक्या गुळाचा, तुपाचा. मला आधी कळलंच नाही. काम करणारी एक बाई म्हणाली, "कोणाच्या घरी लापशी लागली व?" तेवढ्यात बापू वावरातून आला. हातातली पाण्याची कॅन खाली न ठेवता तो अंगणातच थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "कोण आलतं?"

मी म्हणाले, कोणी नाही. मग त्याला पंखा दाखवला, डबा दाखवला. तो ओट्यावर बसला. दिवाळीला आपण पितरांना धबुकार देतो, निखाऱ्यांवर लापशी आणि तूप सोडून एकेकाचं नाव घेतो, ते मला ठाऊक होतं. तू गेल्यापासून बापू तुझं नाव घेतो तेही ठाऊक होतं. पण ते निखारे कोणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून तो दर वर्षी ते विझवून त्या डब्यात भरून ठेवतो, हे मला माहीत नव्हतं. घरात विचारायला तू नव्हतीस, आणि मी सणापुरतीच यायची. मला वाटलं बापू रागावेल. तो एवढंच म्हणाला, "पंखा बंद नको करू. राहू दे थोडा वेळ." आम्ही दोघं तिथे बसून राहिलो. मला लहानपणच्या एका दिवाळीचा दिवस डोळ्यांसमोर दिसतो आहे. तू चुलीपुढे बसली आहेस, लापशीचं पातेलं उतरवते आहेस, आणि मी मागून हात घालते. तू माझ्या मनगटावर पळी मारतेस. "थांब. आधी त्याईचं, मंग आपलं." मी रुसते, दाराआड जाते, आणि तू ताट घेऊन मागे येतेस.

दुसऱ्या दिवशी मी तो कोळसा सगळा काढला, एक तुकडाही सांडू न देता डब्यात परत भरला. दिग्रसला इस्त्रीवाल्याकडून बाभळीचा कोळसा आणला, धुतला, चांगला वाळवला आणि नळात ठासून भरला. दोन दिवसांनी काकी स्वतःहून आली. खोलीत गेली, पिशव्यांमधून फिरली, पंख्यापाशी वाकून हुंगलं. "काहीच नाही," ती जरा नाराजीनेच म्हणाली. "आता तुह्या घरी काय शिजलं तेही समजणार नाही आमाले." जाताना अळिंबीचा एक गुच्छ पदरात घेऊन गेली, सुनेसाठी नाही, स्वतःसाठी. मुकादमाची गाडी परवा गेली. त्या तिघी कुटार भिजवत होत्या, गाडी वळेपर्यंत एकीनेही मान वर केली नाही.

खोली राहिली, याडी. आता तिला कसलाच वास नाही. काल संध्याकाळी बापूने विचारलं, "तो डबा पुन्हा लावता येते का एकडाव?" लहान पोराने काही मागावं तसं विचारलं. मी त्याला समजावलं की गरम हवा गेली की कोळसा धरलेलं सोडून देतो, प्रत्येक वेळी थोडं थोडं, आणि शेवटी काही उरत नाही. त्याने मान हलवली. "मंग राहू दे," म्हणाला.

दिवाळी चार दिवसांवर आली आहे. हे पत्र त्या निखाऱ्यांवर ठेवावं, म्हणजे तुला पोचेल, असं आधी वाटलं होतं. पण जळक्या कागदाचा वास त्या कोळशात जायला नको, म्हणून ठेवणार नाही. वहीतच राहील. एक गोष्ट बापूला सांगता येत नाही ती तुला सांगते. तुझा वास मला आठवत नाही. पुष्कळ दिवस झाले, आठवत नाही. त्या दुपारी आला तो गुळाचा आणि तुपाचा होता, हे मला पक्कं कळतं. तरी आज सकाळी डबा कोठीमागे सरकवताना मी झाकण सैलच ठेवलं. दुपारी पाहिलं तर कोणीतरी ते आणखी थोडं उघडलं होतं.