पिवळ्या पट्टीच्या आत

३ फेब्रुवारी, सोमवार

त्या सकाळी पाणी सहाला आलं होतं. दोन्ही पिंपं भरली, ओटा पुसला. ह्यांच्या निळ्या चौकड्याच्या शर्टाचं तिसरं बटण निघालं होतं, ते लावलं. निळा दोरा संपला होता म्हणून पांढऱ्यानेच लावलं. मग परात घेऊन भाकरीला बसले. हे आतून म्हणाले, डावा खांदा ओढल्यासारखा झालाय, जरा बाम लावतेस का. माझे दोन्ही हात पिठात. एक भाकर तव्यावर, एक परातीत. मी म्हटलं, थांबा, एवढी एक होऊ द्या. त्यांना थांबायला वेळ नव्हता, कॉलेजात परीक्षा होती. मी उठले नाही.

तो अठरा नोव्हेंबर, ते गेले तो दिवस. आज तीन फेब्रुवारी, आणि आज मी त्यांच्याच जागेवर कामाला लागले.

खरं सांगायचं तर दिवस चांगला गेला. नल्लकुंट्याहून बस लगेच मिळाली. लॉ कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर लॅब आहे, बत्तीस मशीनची. तिथले साहेब हर्षद सर पुण्याचे आहेत, वयाने मला मुलासारखे. मी दारात उभी राहिले तर स्वतः उठून खुर्ची दिली. शेजारच्या लायब्ररीच्या काउंटरवर भाग्यलक्ष्मी असते. ती ह्यांना अन्ना म्हणायची, म्हणून मी तिची वदिना, म्हणजे वहिनी. तिने चहा पाजला आणि म्हणाली, मशीनला भिऊ नका वदिना, मशीन चावत नाही, चावतात ती पोरं, मशीन बंद पडल्यावर.

मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं वाचन ह्यांच्यामुळे. दर महिन्याला सुलतान बाजारातून ते एक जुनं पुस्तक आणायचे आणि रात्री विचारायचे, कुठवर आलीस. ही डायरीही त्यांनीच आणलेली, कोरी राहिली होती.

५ फेब्रुवारी, बुधवार

काम समजलं. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्या मुलांना कॉलेजचा द्यायचा, सही घ्यायची, संध्याकाळी चार्जरसकट परत घ्यायचा. पासवर्ड विसरला की चिठ्ठी भरून सरांकडे न्यायची. प्रिंटरात कागद घालायचा. मुलं कोर्टाचे जुने निकाल शोधतात, शंभर शंभर पानांचे, आणि सगळे एकदम छापायला टाकतात.

माझ्या टेबलाच्या खणात ह्यांचा चष्म्याचा डबा निघाला. एक वही निघाली. कुठल्या मशीनचं काय दुखतं ते त्यात त्यांच्या अक्षरात आहे. सात नंबर, उंदीर अडकतो. एकोणीस नंबर, आवाज नाही. वाचताना हसू आलं. ह्यांना मुलांच्या खुर्चीमागे वाकून, पाठीवर हात ठेवून स्क्रीन बघायची सवय होती, असं भाग्यलक्ष्मी सांगत होती. घरी मी वाचत बसले की माझ्याही मागे तसेच उभे राहायचे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

परीक्षेचं सांगितलं आज सरांनी. पेपर मशीनवर असतो आणि समोरचा कॅमेरा मुलावर नजर ठेवतो. खुर्चीतून उठलं की पेपर बंद. कॅमेऱ्याला मागे दुसरं कोणी दिसलं की मशीन टिंग करतं आणि फोटो काढून ठेवतं. तीन टिंग झाले की पेपर बंद. वर्गात सर नसतात, ते खाली ऑफिसात बसून पडद्यावर बघतात. लॅबमध्ये फक्त मदतनीस, म्हणजे आता मी. खुर्च्यांच्या मागे जमिनीवर पिवळी पट्टी मारली आहे. परीक्षा चालू असताना तिच्या आत पाय ठेवायचा नाही.

चौदा नंबरवर एक मुलगी बसते, निशिगंधा. बरकतपुऱ्याची, आपल्याकडचीच, आजोबा परभणीचे. मराठी बोलते पण वाचता येत नाही म्हणते. तिचा नोव्हेंबरचा पेपर बंद पडला होता. आता बावीस तारखेला फेरपरीक्षा आहे. तीही गेली तर वर्ष जाईल, स्कॉलरशिप बंद होईल आणि घरचे लग्नाचं बघणार आहेत. तिने हे सगळं प्रिंटरजवळ उभं राहून सांगितलं, माझ्याकडे न बघता.

११ फेब्रुवारी, मंगळवार

निशिगंधाने सरावाचा पेपर लावला. टिंग झालं. मागे कोणी नव्हतं, मी माझ्या टेबलाशी होते. सरांनी कॅमेरा बदलला. पुन्हा टिंग. सर म्हणाले, भिंतीवरची सावली असेल, फोटो बघून ठेवा.

दुपारी मी एकटीने फोटो उघडला. मुलीचा चेहरा, आणि तिच्या मागे, कडेला, एक खांदा. निळ्या चौकड्याचा शर्ट. तिसरं बटण पांढऱ्या दोऱ्याचं.

तो शर्ट त्यांच्याबरोबरच गेला. मी स्वतः घातला होता अंगावर.

१२ फेब्रुवारी, बुधवार

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. सकाळी केस नीट विंचरले आणि बस यायच्या आधी अर्धा तास स्टॉपवर जाऊन उभी राहिले.

मी चौदा नंबरवर बसून पाहिलं. काही दिसलं नाही, माझंच तोंड. मग निशिगंधा आली. तिला म्हटलं, सराव कर बाई, जितका करशील तितका चांगला. तिने दोन पेपर लावले. चार फोटो मिळाले. एकात हनुवटी आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आता चेहरा येतो. मान खाली, मुलीच्या डोक्याकडे बघतात. दाढी त्या दिवशीचीच, घाईत केलेली, कानाखाली थोडी राहिलेली. प्रत्येक फोटोत थोडे पुढे आलेले असतात.

सर म्हणत होते, तिला दुसऱ्या मशीनवर बसवू. मी म्हटलं, नको सर, रोल नंबरप्रमाणे जागा आहे, मी साफ करून बघते. कॅमेरा पुसल्यासारखं केलं.

हे मी बरोबर केलं नाही. मुलीचं वर्ष जायची वेळ आहे आणि मी तिला रोज तिथे बसवते, नवरा दिसावा म्हणून. लिहून ठेवते म्हणजे मला नाकारता येणार नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज फोटो मोठा करून पाहिला. मला वाटत होतं ते मदतीला वाकलेत, सवयीप्रमाणे. तसं नाही. एक हात खुर्चीच्या पाठीवर आहे, घट्ट, बोटं पांढरी पडलेली. दुसरा छातीवर. तोंड उघडं आहे.

निशिगंधा माझ्या मागे येऊन उभी होती. मला कळलं नाही. ती फोटो बघून जमिनीवरच बसली. मी तिला पाणी दिलं. ते पिऊन ती बोलली.

"आंटी, त्या दिवशी पण ते असेच माझ्या मागे आले होते. मशीन टिंग करायला लागलं. मी बोलले, अंकल, पीछे हटो, पेपर जाईल माझा. ते हटले आंटी. हटले आणि पडले."

मी विचारलं, मग. ती म्हणाली, कोणीच उठलं नाही. एकतीस मुलं होती. जो उठेल त्याचा पेपर बंद. सगळ्यांना वाटलं दुसरा कोणी उठेल. सर खाली पडद्यावर बघत होते, पडद्यावर फक्त आमचे चेहरे. हे पट्टीच्या आत पडले होते, आवाज येत होता, मग यायचा थांबला. दहा एक्केचाळीसपासून दहा बावन्नपर्यंत. तिच्या पडद्यावर घड्याळ होतं, ती बघत होती. शेवटी तिसरा टिंग होऊन तिचा पेपर तसाही बंद झाला, तेव्हा ती उठली.

मला कॉलेजातून सांगितलं होतं, लगेच दवाखान्यात नेलं.

तिला बोलायला तोंड कुठे आहे. मी तरी कुठे उठले होते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ह्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला हर्षद सर आले होते, बुद्धाची सरणं म्हणेपर्यंत मागे हात जोडून उभे होते. आज विचारलं त्यांना, त्या अकरा मिनिटांचं. पेन उघडून मिटलं. मग म्हणाले, मावशी, मला सांगायचं धाडस झालं नाही. मी म्हटलं, निशिगंधाला दुसरीकडे बसवा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुसरीकडे बसवलं. तीस नंबर. टिंग.

तीन नंबर. टिंग. सर तिला खालच्या ऑफिसात घेऊन गेले, त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर. तिथेही — सरांनी लॅपटॉप मिटला आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

म्हणजे जागेला धरून नाहीत ते. जिने मागे हटा म्हटलं तिला धरून आहेत. रागाने नाही. मी ओळखते त्यांचा राग. हे वाट बघणं आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

निशिगंधा आली नाही. फोन केला. म्हणाली, नक्को आंटी, मी नाही येत, अंकलनी घेतला पेपर तर घेऊ द्या. मी म्हटलं, शनिवारी ये. मी बघते.

काय बघणार आहे मी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सरांकडून माझ्या नावाने सरावाचा पेपर लावून घेतला. बारा तारखेला मी नुसती बसले होते, पेपर उघडा नव्हता. आज उघडा होता. चौदा नंबर. दहा चाळीस.

दहा एक्केचाळीसला टिंग झालं.

पडद्याच्या कोपऱ्यात माझा चेहरा असतो, लहान. त्याच्या मागे ते. खुर्चीची पाठ मागे ओढली गेली. मानेवर श्वास — गार. आवाज येत होता. कसा सांगू — घागर रिकामी होताना येतो तसा.

उठायचं होतं. त्यासाठीच बसले होते.

पण मी उठले असते तर ते पडद्यावरून गेले असते. वळले असते आणि मागे कोणी नसतं तर. तीन महिन्यांनी चेहरा दिसत होता, हलणारा. मी बघत बसले.

अकरा मिनिटं. मीही —

२२ फेब्रुवारी, शनिवार

निशिगंधा आली. मी पट्टीच्या बाहेर उभी.

दहा एक्केचाळीस. टिंग.

तिने मागे बघितलं नाही. खांदे उडाले फक्त. मी चपला काढल्या, खाली वाकले, कॅमेऱ्याला दिसू नये इतकी खाली, आणि पट्टी ओलांडली. तिच्या खुर्चीमागे हात लावला. कापड लागलं. काखेत हात घातला. वजन आलं, पूर्ण माणसाचं. म्हटलं, चला, झालं आता.

दुसरा टिंग झाला नाही.

जिन्याशी भाग्यलक्ष्मीने विचारलं, वदिना, अशा एका अंगावर का चालताय. मी म्हटलं, कंबर. ऑटोत कडेला सरकून बसले.

निशिगंधाचा पेपर पूर्ण झाला. तिचा फोन आला, रडत होती, थँक्यू म्हणाली. मी फोन लवकर ठेवला. घरात आवाज येत होता, तोच, घागरीचा —

२३ फेब्रुवारी, रविवार

आवाज रात्रभर. आतल्या खोलीत. आत गेले नाही, दाराशी बसले होते.

सहाला पाणी आलं. पिंपं भरली. परात घेतली. आतून हाक आली, खांदा —

एक भाकर तव्यावर होती, एक परातीत. तवा उतरवला. हात धुतले. उठले. आत अंधारात त्यांचा खांदा हाताला लागला, तिथे बाम लावला, आणि त्यांनी माझा हात धरला. अजून सोडलेला नाही, हे डाव्या हाताने लिहितेय —