टाके पोटाला आहेत, मला काही झालेलं नाही

३ ऑक्टोबर, सकाळी ८
शुद्धीवर. वय ७७, तब्येत उत्तम. अकरा वर्षं जांघेत गुपचूप पडून असलेल्या हर्नियानं परवा दगा दिला. आतडं अडकून काळं पडलं. डॉक्टर काम्बुरोवाबाईंनी वीतभर कापून टाकलं. म्हणाल्या, सहा तास आधी आला असतात तर वाचलं असतं. चूक ॲम्ब्युलन्सची. दोनदा मी परत पाठवली हे खरं, पण तिसऱ्यांदा तिनं उशीर केला.
संकल्प : रविवारी घरी. मिरच्या भाजून बरण्या भरायच्यात.

४ ऑक्टोबर
शेजारच्या खाटेवर स्पास. मधमाश्या पाळतो. वय ८४, ऑपरेशन माझ्यासारखंच. अत्यंत लाचार माणूस. सिस्टर वेनेता उठा म्हणाली की उठतो, चाला म्हणाली की चालतो. फुंका म्हणाली की फुप्फुसांच्या व्यायामाच्या नळीत फुंकून आतले तिन्ही गोळे वर नेतो. मला म्हणाली, वितानकाका, फुंकलं नाहीत तर न्यूमोनिया होईल. मी सांगितलं, बत्तीस वर्षं डॅन्यूबच्या धक्क्यावर कस्टममध्ये होतो, एका शिट्टीत ट्रक थांबवलेत. म्हणाली, मग एक गोळा तरी हलवून दाखवा. उद्धट. लेखी तक्रार करणार.

५ ऑक्टोबर
पोट नगाऱ्यासारखं. डॉक्टरबाई सगळ्यांसमोर विचारतात, वारा सरला का? स्पासनं हात वर केला. माझा सरला म्हणे! वर्गात पहिला आल्यासारखा.
दुपारी : नुसत्या पाण्यावर माणूस जगतो का? स्पाससाठी घरून बानित्सा आली होती, चीज भरलेली, पापुद्र्यांची. तो फेऱ्या मारायला गेल्यावर चाखली. फक्त चाखली.
संध्याकाळी ६ : उलट्या. नाकातून पोटात पुन्हा नळी. सिस्टरनं विचारलं, किती खाल्लीत? कणभर, म्हटलं. तिनं नळीच्या पिशवीत बघितलं. म्हणाली, कणाला बरीच भावंडं होती वाटतं.

७ ऑक्टोबर
सिस्टर वेनेताला रंगेहाथ पकडलं. सलाइनच्या पिशव्यांतून सिगारेटी नदीपलीकडे रोमानियाला धाडते. नळी जप्त. पंचनामा केला.

९ ऑक्टोबर
वरची नोंद माझ्या अक्षरात आहे, पण मी लिहिलेली नाही.
न्यूमोनिया. फुंकण्याशी संबंध नाही, खिडकी उघडी होती. स्पास सांगतो, दोन दिवस मी तापात त्याच्याकडे पासपोर्ट मागत होतो आणि दर वेळी त्यानं रिकामा तळहात दाखवला. मी तपासून परत दिला म्हणे. आज घरी गेला. जाताना म्हणाला, चालत जा रे वितान, आतड्याला पाय नसतात. कुणी विचारलं?

१० ऑक्टोबर
सिस्टरचा नवा हुकूम : खोकताना पोटावर उशी दाबून धरा. उशी डोक्यासाठी असते.

१२ ऑक्टोबर
काल खोकलो. आत काहीतरी सुटलं. उबदार, ओलं. खाली बघितलं तर जखम उघडी आणि आतलं बाहेर. सिस्टर वेनेता ओलं कापड दाबून ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत खाटेबरोबर धावली. खाली नाही, माझ्याकडे बघा, म्हणाली. बघितलं. तिला घाम आला होता. मी तिचा हात धरला होता, असं ती सांगते. पडताळता येत नाही.
तक्रारीचा कागद सापडत नाही. शोधलाही नाही.

२४ ऑक्टोबर, दुपारी
मुलगी रालित्सा सोफियाहून आली. म्हणाली, बाबा, मार्चपर्यंत आमच्याकडे चला. मी सांगितलं, मला कुणाची गरज नाही. म्हणाली, एकट्यानं संडासला जाऊन परत या, मग मी चकार शब्द काढणार नाही.
गेलो. नऊ पावलं. बसलो. उठता येईना. तीनदा प्रयत्न केला. शेवटी मदतीची लाल दोरी ओढली. सिस्टर आली, काखेत हात घालून उभं केलं, पायजमा वर ओढला. बाहेर मुलीला म्हणाली, स्वतःच आले, मी फक्त दार उघडलं.
पैज मी जिंकली होती. सोफियाच्या विरोधातलं भाषण सकाळपासून पाठ होतं.
तोंडून निघालं, बरं, येतो.
इतक्या पटकन निघालं की रालित्सानं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितला.