घरात दुःखाला बंदी

४ जानेवारी
लेकीला, मैत्रीला, सातवा लागला. आजपासून बाळंतपण होईपर्यंत कसबा पेठेत, माझ्याकडे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आई नाही म्हणून माहेर संपत नाही. विहीणबाई सुंदराबाई म्हणाल्या, व्याहीबुवा, हे पुरुषमाणसाचं काम न्हाय, पोरीला कात्रजलाच राहू द्या. म्हटलं, बघाच तुम्ही. म्हणाल्या, बघतीच हाय.

५ जानेवारी
झोप नाही, वजन वाढत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनाची काळजी घ्या, आणि एका कौन्सेलर बाईंचं नाव दिलं. हल्ली मनालाही स्पेशालिस्ट लागतो. माझी सगळी नोकरी क्वालिटी कंट्रोलमध्ये गेली. बिघाड दुरुस्त करत बसायचं नसतं, आत येऊच द्यायचा नसतो. म्हणून आजपासून घरात दुःखाला बंदी. हिचा, म्हणजे मैत्रीच्या आईचा, फोटो कपाटात ठेवला. हिचा विषय काढायचा नाही. ही दसऱ्यानंतर गेली. मी केव्हाच सावरलोय, प्रश्न फक्त मैत्रीचा आहे.

९ जानेवारी
प्लॅन उत्तम चालू. जेवताना मैत्री म्हणाली, आई असती तर... मी लगेच मेट्रोचा विषय काढला. ताटं वाळेपर्यंत सोडला नाही. ती उठून आत गेली. मन शांत झालं असावं.

१३ जानेवारी
कौन्सेलरकडे गेलो. बाई मैत्रीच्याच वयाच्या. मला बाहेर बसवलं. बाहेर येऊन मला सांगतात, काका, तिला आईबद्दल बोलू द्या, रडली तर रडू द्या. अपॉइंटमेंट घेऊन रडायचं! आमच्या पेठेत ही सोय अपॉइंटमेंटशिवाय आहे, कुणालाही पत्ता विचारा.

१७ जानेवारी
डोहाळा : चुक्याची भाजी, आईच्या पद्धतीची. डोहाळे पुरवलेच पाहिजेत. पोळीभाजी केंद्रातून आणली. पहिल्याच घासाला मैत्रीचे डोळे भरले. म्हणाली, बाबा, तुम्हाला आईची आठवणच येत नाही का हो? म्हटलं, तिखट झालीय, थोडा गूळ घे.
ॲसिडिटी असणार. मीही जेवलो नाही. भाजी खरंच वाईट होती.

२२ जानेवारी
सुंदराबाई आल्या. न कळवता, दुपारी दोन वाजता. कात्रजला दुपारी झोपत नसावेत. आल्या आल्या विचारलं, ताईंचा फोटू कुठं लपवलाय? मैत्रीनं कपाट उघडून दिलं. मग फोटो मांडीवर घेऊन दोघी मनसोक्त रडल्या. मी स्वयंपाकघरात भांडी आपटून निषेध नोंदवला. कुणी दखल घेतली नाही.
नंतर मैत्रीनं सुंदराबाईंच्या डब्यातल्या दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि दिवेलागणीपर्यंत गाढ झोपली. भाकरी पचायला हलकी असते.

२३ जानेवारी
मैत्रीनं बॅग भरली. म्हणाली, बाबा, इथं मी आईसाठी रडूसुद्धा शकत नाही, माझा जीव गुदमरतो. म्हटलं, कात्रजला हवा चांगली आहे, चार दिवस राहून ये. म्हणाली, चार दिवस नाही, बाळंतपण तिकडेच.
तिचा राग आहे, जाईल. डोहाळजेवणाला जातो आणि घेऊनच येतो. घर आता अगदी शांत आहे. शांतता प्रकृतीला चांगली.

१ फेब्रुवारी, सकाळी
आज कात्रजला डोहाळजेवण. संकल्प : चेहरा हसरा. ओटी भरून झाली की स्पष्ट सांगायचं, मुलीला न्यायला आलोय. खोली आवरून ठेवली आहे.

१ फेब्रुवारी, संध्याकाळी
पहिली ओटी माहेरची. माहेरची बाई कोण, विचारणा झाली. कुणीच नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सुंदराबाई म्हणाल्या, बाप हाय की! व्हा पुढं, व्याहीबुवा.
मी नारळ घेतला. मैत्री हिरवी साडी नेसून पाटावर बसली होती. ती साडी बातमी कळली त्याच आठवड्यात हिनं आणून ठेवली होती. मला म्हणाली होती, ओटी मी भरणार, तुम्ही मध्ये लुडबुडू नका.
मी तोंड उघडलं ते भाषण करायला. निघालं हिचं नाव. मग थांबेचना. मैत्रीनं नारळ काढून घेतला, मला पाटावर स्वतःच्या जागी बसवलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. ती रडली नाही. पाणी तिनंच पाजलं.
मुलीला आणायचं राहून गेलं.
मंगळवारी पुन्हा कौन्सेलर. मैत्रीनं अपॉइंटमेंट माझ्या नावानं घेतली आहे. घाईत चूक झाली असणार. तरी जातो, तिला सोबत म्हणून.