अक्कांच्या हातचे थेंब

अमळनेर, १२ मे १९९३

सासूबाईंना, आमच्या अक्कांना, जाऊन आठवडाही झाला नाही. आज दिवसभर बायका भेटायला येत होत्या. दारातच गळ्यात पडून रडायचं, ही आपल्याकडची रीत. त्या रडत होत्या आणि मी कोरडी. चुलतसासू सगळ्यांदेखत बोलल्याच, "सासू गई, तरी हिना डोयामा टिपूस नही."

काय सांगू त्यांना? की माझ्या डोळ्यांत पाणीच तयार होत नाही? जळगावचे डॉक्टर म्हणाले होते, हे बरं होणारं नाही, सांभाळायचं. रोज थेंब घालायचे, पापण्या शेकायच्या. आज रडू घशापर्यंत आलं, वर काही पोचलं नाही. नुसती वाळू गेल्यासारखी खुपखुप.

मघाशी बाटली घेऊन बसले. मला स्वतःला थेंब घालताच येत नाहीत, पापणी मिटते. रोज दिवेलागणीला अक्का माझं डोकं मांडीवर घ्यायच्या. "वर देख, माय," म्हणायच्या. आज वर बघितलं, तरी सगळे थेंब गालावरच ओघळले.

चुलतसासू दारातून बघत होत्या. "आते रडनी बिचारी," म्हणाल्या आणि मी एकदाची रडले या समाधानाने आत गेल्या.

मी गाल पुसले नाहीत. डोळे अजून खुपतायत.