शेवटच्या गाण्यातली टाळी

दादा,

आपल्या आवडत्या बँडच्या चाहत्यांच्या ग्रुपवर परवा कुणीतरी विचारलं, त्यांच्या कार्यक्रमाची तुमची आठवण सांगा. कुणी त्यांच्या झगमगत्या कोटांबद्दल लिहिलं, कुणी ओरडून ओरडून घसा बसल्याचं. मी तुलाच लिहायला बसले.

शेवटच्या गाण्यात वाद्यं मध्येच थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची, हे अख्ख्या सभागृहाला पाठ होतं. तू मात्र दर वेळी गाणं संपलं समजून टाळी वाजवायचास. मी कोपराने ढोसायचे. "अगं, या वेळी खरंच संपलं वाटलं," म्हणायचास. एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग झालं, त्या रेकॉर्डवर तुझी ती एकटी टाळी राहून गेली. लोक अजून विचारतात, "हा कोण शहाणा?"

आता त्या रेकॉर्डची नवी आवृत्ती आलीय. आवाज साफ करताना टाळीही काढून टाकलीय. सगळे खूश आहेत.

वहिनीला हे सांगितलं नाही. तिने तुझे शर्ट देऊन टाकायला काढलेत, इस्त्रीचं काम माझ्याकडे आहे. तुला जाऊन महिना होत आला, मला अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, खंबीर आहे हो. मी नुसत्या कॉलरी सरळ करते.

काल तुझ्या निळ्या शर्टाला इस्त्री करताना ती नवी आवृत्ती लावली. वाद्यं थांबली. तिथे काहीच वाजलं नाही.

माझं कोपर मात्र आपोआप बाजूला गेलं.

तुझी,
शेजारच्या खुर्चीतली