दुसऱ्या साक्षीदाराची जागा

मी, सत्यभामा शंकरप्पा कलशेट्टी, वय वर्षे ६८, अविवाहित, भाषाशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, मूळ गाव अणदूर, तालुका तुळजापूर, हल्ली मुक्काम धाराशिव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदय थकले आहे असे डॉक्टर म्हणतात. डोके शाबूत आहे असे मी म्हणते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणून माझ्याकडून काही लिहून घेणे किती अवघड आहे, ते पुढे येईलच.

१. धाराशिव येथील माझे दोन खोल्यांचे घर मी माझी विद्यार्थिनी उझमा गफार शेख हिला देते. त्याबरोबर माझ्या सर्व ध्वनिफिती, टेपरेकॉर्डर आणि कपाटातली टिपणेही तिचीच. फिती उन्हात ठेवू नयेत. उझमा ही माझी मैत्रीण कुलसुमबी हिची मुलगी. काम पुढे नेण्याइतकी चिकाटी तिच्यात आहे, आणि माझ्याशी वाद घालण्याइतकी अक्कलही.

काम काय होते, ते नात्यातल्या लोकांनी मला कधी विचारले नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. भाषेत काही शब्द असे असतात की ते नकाराच्या आधाराशिवाय उभे राहत नाहीत. ‘मी अजिबात येणार नाही’ असे आपण म्हणतो. ‘मी अजिबात येणार’ असे कोणी म्हणत नाही. मी आयुष्यभर असे शब्द गोळा केले, आणि त्यांच्या मागे लागून जिथे ‘नाही’ ऐकू येत नाही तिथेही तो कुठे दडलेला असतो हे शोधले. आपल्या भागातल्या बायकांच्या बोलण्यात तो फार दडलेला असतो.

२. माझ्या प्रबंधाच्या ज्या प्रतीवर तेव्हाच्या विभागप्रमुखांनी पानोपानी लाल पेन्सिलीने ‘अशुद्ध’, ‘खेडवळ’ असे शेरे मारले, ती प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावी. शेरे खोडू नयेत. प्रबंध आणि शेरे दोन्ही मुलांनी वाचावेत आणि आपापले ठरवावे.

३. स्कूटी माझा भाचा युवराज याला. ब्रेक लागत नाही अशी तक्रार त्याने माझ्याकडे करू नये, मी नसेन. बँकेतली शिल्लक फितींची संगणकावर नक्कल करून घेण्यासाठी उझमाने वापरावी.

४. आता शेत. अणदूरच्या वडिलोपार्जित जमिनीतली विहिरीलगतची दोन एकर माझ्या नावावर आहे. ती कशी राहिली, हे सांगितल्याशिवाय हे कलम पुरे होणार नाही.

आमचे वडील आप्पा गेल्यानंतर धाकटा भाऊ शिवलिंग मला तुळजापूरला सोडपत्रावर सही करायला घेऊन गेला. आपल्याकडे बहिणीने हिस्सा सोडायचा आणि त्या बदल्यात तिचे माहेर चालू राहायचे, ही रीत. साडीचोळी, पंचमीचे बोलावणे, सगळे त्या सहीवर. मी त्या काळात बायकांची बोलणी टेप करत हिंडत होते. सही करून आलेल्या कितीतरी जणींना मी विचारले होते, ‘तुमच्या मनात होते का?’ उत्तर ठरलेले: ‘आमच्या मनाला काय इचारायचंय?’ हा प्रश्न दिसतो, पण हा नकार आहे. तो ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

शिवलिंग म्हणाला, “कर की सही अक्का. समद्या बहिणी करत्यात.”

“न्हाय करत.”

त्याने कागदाची घडी घातली. मग म्हणाला, “मंग तू बहीण न्हाईस. वाटेकरी हाईस.”

माझ्या सगळ्या फितींमध्ये बहिणीने भावाला तोंडावर दिलेला उघडा नकार एकही नाही. माझाच तेवढा होता, आणि तो प्रबंधात घेता आला नाही. संशोधकाने स्वतःचे बोलणे पुरावा म्हणून वापरू नये, असा आमच्या शास्त्राचा नियम आहे. मी तो पाळला. इथे नियम लागू नाही म्हणून नोंदवते.

त्या दिवसापासून आमच्या घराचे दार मला बंद झाले. त्याच संध्याकाळी कुलसुमबी मला तिच्या घरी घेऊन गेली. “माहेर काय कागदावर असतं व्हय गं? चल, भाकरी टाकलीय.” पुढची सगळी वर्षे मी अणदूरला गेले ती तिच्या घरी. आमची आई, अव्वा, दरवर्षी तिच्याच हाती शेंगाचटणी पाठवायची. अव्वा गेली तेव्हा मला माती लोटू दिली, पाणी घेतेस का, असे मात्र कोणी विचारले नाही. ते मला लागले. अजून लागते. सही न केल्याचा मला पश्चात्ताप नाही. भाऊ गमावल्याचे दुःख आहे. दोन्ही एकाच वेळी खरे आहे.

ही दोन एकर मी शिवलिंगची मुलगी राजनंदिनी हिला देते. ती इथे कॉलेजात शिकते आणि घरी न सांगता माझ्याकडे जेवायला येते. (आता सांगितले.) मागच्या महिन्यात ती म्हणाली, “आत्या, दादाचं लग्न झालं की माझीबी सही घेणार हायत.” मी विचारले, तुला काय वाटते? “मला काय वाटायचंय? पप्पा म्हणतील तसं.” मी ताटावरून उठले. बाळ, सही कर किंवा करू नकोस, ते तुझे तू ठरव. पण ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हो म्हणण्याला अर्थ नसतो. उभे राहायला पायाखाली स्वतःची जमीन असावी, एवढ्यासाठी हे.

ती जमीन आजवर शिवलिंगच कसत आला; तो आहे तोवर त्यानेच कसावी, ही माझी राजनंदिनीला विनंती आहे, शिवलिंगचा हक्क नव्हे. हक्क दिला तर त्याला या कागदावर साक्षीदार होता येणार नाही, असे वकील म्हणाले. म्हणून मी त्याला काहीही देत नाही. मला त्याची सही हवी आहे.

५. आम्हा लिंगायतांत माणसाला पुरतात, तेही आपल्याच शेतात. अव्वा विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली आहे. मला तिच्या शेजारी जागा मिळावी, ही माझी शेवटची इच्छा. सातबारा माझ्या नावाचा असला तरी भावाच्या मनाविरुद्ध मला तिथे जायचे नाही. त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याची संमती आहे असे समजावे. न केल्यास मला धाराशिवलाच मूठमाती द्यावी आणि त्याला बोल लावू नये. त्याला निरोप धाडला आहे. दुपारपर्यंत वाट पाहीन. तो आला नाही तर वकिलांचे कारकून सही करतील.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि त्यातला प्रत्येक होकार व नकार माझा आहे.

सही: सत्यभामा शंकरप्पा कलशेट्टी
ठिकाण: धाराशिव
दिनांक: १७ जानेवारी २०२५

साक्षीदार पहिली: कुलसुमबी गफार शेख, निवृत्त शिक्षिका, अणदूर. सत्यभामाने माझ्यासमोर सही केली. ती पूर्ण शुद्धीवर आहे, नेहमीसारखीच.

साक्षीदार दुसरा: शिवलिंग शंकरप्पा कलशेट्टी, शेतकरी, अणदूर. अक्कानं माझ्यासमोर सही केली. तवा तिनं केली नव्हती, आज म्या केली. अव्वाच्या शेजारची जागा म्या कवाच पेरली न्हाय.