मिठाचा उलटा चमचा

आई, तुझी मिठाची बरणी अजून त्याच कोनाड्यात आहे, आणि चमचा मी अजून तुझ्यासारखाच ठेवते. वरणात मीठ पडलं की झाकणावर उलटा, पडायचं असलं की सुलटा. नैवेद्य दाखवायच्या आधी कुणी काही चाखायचं नाही हा आबांचा नियम, आणि तुला एक काम सलग करू दिलं तर शपथ! तू फोडणी घालतेस, आणि आतल्या खोलीतून आबांची काठी भिंतीवर ठकठक करते. अंथरुणाला खिळलेला तुझा सासरा, कधी पाणी, कधी कूस, कधी नुसतं "कोन आहे तिकडे?" उठायच्या आधी तू चमचा उलटा करायचीस, कुकरच्या झालेल्या शिट्ट्यांच्या काड्या ओट्यावर मांडायचीस, टायपिंगच्या पुस्तकात झाडूची काडी खुपसायचीस. "हे काहून करते तू?" मी एकदा विचारलं. "डोकं एकच असते वं पोट्टे. आबा त्यातलं सगळं सांडवून टाकतात. मंग वापस आल्यावर मी कोनाले विचारू, कुठं होती म्हणून?"

मी आज पोटासाठी हेच करते, म्हटलं तर हसशील. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरमध्ये मोजक्या चिमुकल्या जागा असतात, रजिस्टर म्हणतात त्यांना. चाललेल्या कामाचे आकडे तिथेच असतात. मध्येच दुसऱ्या कामाची हाक आली की कर्नल, म्हणजे यंत्राचा कारभारी, आधी प्रत्येक रजिस्टर मेमरीत उतरवून ठेवतो, हाक निस्तरतो, आणि सगळं होतं तसं परत भरतो. थांबलेल्या प्रोग्रामला आपण थांबलो होतो हेही कळत नाही. कर्नलच्या दारातून असं आत ओढलं जाण्याच्या एका प्रकाराला ट्रॅप म्हणतात. पहिल्यांदा हा शब्द वाचला तेव्हा मला आपलं रायपूरच्या बुढापाऱ्यातलं स्वयंपाकघर आठवलं, तळ्याकडची ती एकच खिडकी, आणि ती काठी.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, नवनवी ऑफिसं उघडली, आणि हिंदी टायपिंगची परीक्षा लग्नाआधीच पास झालेल्या तुला नोकरीचं पत्र आलं. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. बाबा म्हणाले, "कर ना नौकरी, मी कुठं नाही म्हणून राहिलो? पर घर बिगडलं नाही पाहिजे." तू पंडरीच्या बाजारातून दोन साड्या आणल्यास, फॉल लावलेस, आणि फॉल लावता लावता चक्क गुणगुणत होतीस. मी अकरा वर्षांची. मला सांगितलं गेलं की शाळेतून आलं की आबांकडे मी बघायचं. म्हणजे ती काठी आता माझ्यासाठी वाजणार होती. आई, मला त्या खोलीची, त्या वासाची, त्या ठकठकीची धडकी भरायची. तुला मात्र मी हे एका शब्दाने बोलले नाही.

त्या दिवशी काठी वाजते, तू चमचा उलटा करून आत जातेस, आणि मी तो सुलटा करते. बस, एवढंच. तू पदराला हात पुसत येतेस, चमच्याकडे बघतेस, पुन्हा मीठ घालतेस. नैवेद्य होतो. पहिल्याच घासाला आबा थूथू करत ताट ढकलतात, आणि बाबा म्हणतात, "अभी तो ऑफिस शुरू भी नहीं हुआ." तू म्हणालीस, "चमचा तर सुलटाच होता." मग हळूच, "भुलली असंन मी." तसं मी तीनदा केलं. तिसऱ्या दिवशी तू कुणावर चिडली नाहीस, रडलीही नाहीस. पत्राची घडी घालून साड्यांच्या मध्ये ठेवलीस आणि मला म्हणालीस, "माहं डोकंच ठिकाणावर नाही राह्यलं वं." त्यानंतर तू प्रत्येक कुलूप दोनदा ओढून बघायचीस, गॅस तीनदा. चौदा वर्षांपूर्वी गेलीस, तोपर्यंत.

मागच्या महिन्यात कामात एक चूक सापडेना. एक प्रोग्राम मधूनच बेरजा चुकवत होता. आकडे उतरवायचा कोड बरोबर, परत भरायचा बरोबर. माझ्या हाताखालच्या मुलीने अहवालात सरळ लिहिलं की दोष प्रोग्रामचा. मी तिच्यावर अशी खेकसले की ती घाबरलीच. दोष तिसऱ्याच कोडचा निघाला. प्रोग्राम थांबलेला असताना तो त्याच्या जपून ठेवलेल्या आकड्यावर भलतंच लिहून जात होता. बिचाऱ्या प्रोग्रामला जे परत मिळालं ते त्याने आपलंच समजून घेतलं. मी खुर्चीतून उठले आणि न्हाणीघरात जाऊन खूप रडले.

आता मी घरूनच काम करते, याच घरात, कारण बाबा अंथरुणाला खिळले आहेत आणि काठी त्यांच्या हातात आहे. जिच्यापासून पळायला मी तुला कोंडलं, ती शेवटी माझ्याच वाट्याला आली. कोडच्याच खिडकीत हे लिहिते आहे, सेव्ह न करता बंद करीन. बाबांना तरी सांगावं असं रोज ठरवते. आत्ताच काठी वाजली, मी चमचा उलटा करून आत गेले. ते म्हणाले, "मीठ टाकलं ना? तुझ्या आईसारखी भुलक्कड नको होऊ."

मी म्हटलं, "हव."